न झालेल्या तासांचं टाचण

खुळ्ळकन आवाज झाला आणि ती जागच्या जागी थिजली.

रविवारची दुपार होती. घरात इतकी शांतता, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा चवड्यांवर चालल्यासारखं वाटत होतं. तासभर मिनतवाऱ्या केल्यावर बाळाने डोळे मिटले होते. त्याच्या पलीकडे भिंगरी पालथी पडली होती. सहा वर्षांची ही पोर जागेपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. झोपली की मात्र दगड. दोघं एका वेळी झोपल्याचा असा योग आठवड्यातून एकदा यायचा, आणि त्यांच्या आईने नेमका खुळखुळ्यावर पाय दिला होता.

बाळाचे ओठ हलले. एक मूठ हवेत गेली, कुणाला तरी दम दिल्यासारखी थरथरली आणि पुन्हा खाली आली. तेव्हा कुठे तिने रोखून धरलेला श्वास सोडला.

स्टुलावर चढून तिने कपाटावरची बॅग सरकवली आणि तिच्यामागची वही काढली. जाड पुठ्ठ्याची, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, कोपऱ्यात दुधाचा गोल डाग पडलेली. तिची टाचणवही. तीन महिने ती वही तिथे धूळ खात पडली होती आणि तीन महिने ती त्या कपाटाकडे मान वर करून बघायचंही टाळत होती. आज इलाज नव्हता. उद्या अकराला तिच्या तक्रारीवर समितीपुढे सुनावणी होती.

टाचणवही म्हणजे शिक्षकाचा आरसा, असं शाळेत मोठ्या बाई सांगायच्या. पुढच्या आठवड्यात कुठल्या दिवशी, कुठल्या वर्गाला, काय आणि कसं शिकवायचं, ते आधी लिहून काढायचं. सोबत काय साहित्य न्यायचं तेही लिहायचं. शुक्रवारी शिपाईमामा सगळ्यांच्या वह्या गोळा करून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायचे आणि सोमवारी त्या हिरव्या शाईतल्या सहीनिशी परत यायच्या. शेवटचा रकाना शिक्षकाचा. तास झाला की तिथे 'झाला' असं लिहायचं. दहा वर्षांत तिचा हा रकाना कधी रिकामा राहिला नव्हता. अगदी शेवटचे तीन आठवडे सोडले तर.

आणि घोडं अडलं होतं ते तिथेच.

"तुमच्या हातात एवढी एकच गोष्ट आहे, मॅडम," वकीलबाई काल फोनवर म्हणाल्या होत्या. "शाळा लेखी म्हणते, तुम्ही टाचण ठेवत नव्हता म्हणून सातवी काढून घेतली. वर म्हणते, तो निर्णय तुमच्या तक्रारीच्या आधीच झाला होता. तक्रारीनंतरही सातवीच्या टाचणावर त्यांची सही आहे, वही दाखवली की दोन्ही फुसकं."

"हो, पण त्यात शेवटचे तीन आठवडे आहेत ना..."

"त्यांचं काय?"

"ते तास झालेच नाहीत. सातवी काढून घेतल्यावर लिहिलेत."

"वर्ग नसताना टाचण? कशासाठी?"

"सवयीने."

"मॅडम, माणसं सवयीने किल्ली कुलपातच विसरतात. सवयीने तीन आठवड्यांचे धडे नाही लिहीत." मग त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. "हे बघा, समोरचा वकील काय म्हणेल ते मी तुम्हाला आत्ताच सांगते. म्हणेल, वर्ग नव्हता तर या शिकवत कुणाला होत्या, भिंतींना? म्हणजे सगळीच वही घरी बसून रंगवलेली. झेरॉक्स सातवी जाईपर्यंतच्या पानांचीच काढा. पुढची पानं नकोतच आपल्याला. एकदा वही नीट बघा आणि ठरवा."

हरली तर 'कामात अक्षम' हे दोन शब्द तिच्या नोंदीत कायमचे चिकटणार होते, आणि वर्ष संपता संपता हातात नारळ. हे तिला वकीलबाईंनी सांगायची गरज नव्हती.

ती खिडकीपाशी जमिनीवर बसली. वही मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

सुरुवात झाली ती बाळंतपणाची रजा संपवून शाळेत परतली त्या दिवशी. शिक्षकांची बैठक होती. मोठ्या बाई चष्मा पुसत अगदी सहज म्हणाल्या, "दहावीला आता नवे सर जातील. दहावीला अर्धं लक्ष चालत नाही. लेकुरवाळीचा एक कान घराकडे असतो, तो तिचा दोष नाही. तुझ्याकडे सातवी राहू दे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढचा विषय घेतला. टेबलाभोवतीचे सगळे टेबलाकडे बघत राहिले, जणू लाकडाच्या रेषांमध्ये काही छापून आलं होतं. नव्या सरांच्या घरीही त्याच महिन्यात बाळ आलं होतं. त्यांचा कान कुठे असतो, हे कुणी विचारलं नाही.

महिनाभर तिने गिळलं. मग एक दिवस मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत कडी लावून बाळासाठी दूध काढत बसलेली असताना बाहेरून कुणीतरी दार वाजवून म्हणालं, "अहो, गोठा झाला की सांगा, आम्हाला नकाशे काढायचेत." आणि दोघं-तिघं हसली. त्या संध्याकाळी तिने संस्थेला एक पानी अर्ज लिहिला. कुणाला शिवी नाही, रडगाणं नाही. दहावी माझ्याकडून का काढली आणि माझ्यासारखंच बाळ असलेल्या सरांना का दिली, एवढाच प्रश्न.

बरोबर नवव्या दिवशी सातवीही गेली.

मग बदली तास. जो शिक्षक गैरहजर त्याच्या वर्गावर जाऊन पोरं गप्प बसवायची. मग स्टाफरूममधलं तिचं टेबल ग्रंथालयात गेलं. मग चार मिनिटं उशीर झाला म्हणून नोटीस. शाळेचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं, हे कौलांतल्या चिमण्यांनाही माहीत होतं. चहाच्या वेळी तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. कुणी वाकडं बोललं नाही. बोलणंच आटलं.

परकं कुणी असतं तर तिने घरी येऊन चार शिव्या हासडल्या असत्या, सासूबाईंनी त्यात दोनाची भर घातली असती आणि मन मोकळं झालं असतं. पण या मोठ्या बाई होत्या.

ती सातवीत होती तेव्हा त्या मोठ्या बाई नव्हत्या, नुसत्या विज्ञानाच्या बाई होत्या. हीच शाळा. तीच प्रयोगशाळा, स्पिरिटच्या दिव्याचा तोच गोडसर वास, खिडकीतून तिरकं येणारं तेच ऊन आणि त्यात तरंगणारी खडूची पूड. बाई वर्गात आल्या की पहिल्यांदा ऊन कुठे पडलंय ते बघायच्या आणि कुणाच्या डोळ्यांवर येत असेल तर त्याला बाकासकट सरकवायच्या. फळा पुसायला दिला की वाटायचं, आपल्याला राज्य दिलं. ती वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. एकदा बाईंनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात पेन्सिल उभी केली आणि विचारलं, "वाकडी दिसतेय का?"

पुढचे बाक ओरडले, "हो!" तीही ओरडली, "हो!"

बाई थांबल्या. "शेवटचा बाक. तिथून दिसतंय? खरं सांग."

"नाही, बाई."

"मग हो कशाला म्हणालीस?"

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ग्लास उचलला, थेंबही न सांडता दोन रांगांमधून चालत शेवटच्या बाकापर्यंत आल्या आणि तो तिच्या डोळ्यांसमोर धरला. पेन्सिल खरंच मोडल्यासारखी दिसत होती. "आता बघ," त्या म्हणाल्या. "दिसल्याशिवाय हो म्हणायचं नाही. कुणासाठी नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

पुढच्याच आठवड्यात बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, पोरीला चष्मा लागलाय, तुम्ही तिला ढ समजू नका. ती शिक्षिका झाली ती त्या एका चष्म्यामुळे, असं ती आजही म्हणायची. याच शाळेत नोकरी लागली तेव्हा बाईंनी स्टाफरूममध्ये तिची ओळख करून दिली होती, "ही माझ्या शेवटच्या बाकावरची." सगळ्यांना 'तुम्ही' आणि तिला एकटीला 'अगं'. भिंगरीचं पहिलीत नाव घालायला गेली तेव्हा लेखनिकाच्या हातातून रजिस्टर ओढून घेऊन बाईंनी ते स्वतः लिहिलं होतं.

आता कुठे गेली ती माया, असा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता, की त्याची धार गेली होती.

तिने वही उघडली.

पहिली पानं भराभर उलटली. सोमवार, सातवी, उष्णता. मंगळवार, सातवी, उष्णता, साहित्य: दोन वाट्या, कोमट पाणी. प्रत्येक आठवड्याखाली हिरवी सही, तारखेसकट. मग तो गुरुवार आला. सातवी गेल्याची चिठ्ठी हातात पडली त्याला दोनच दिवस झाले होते. गुरुवारी संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन ती नेहमीसारखी टाचण लिहायला बसली. प्रकाश हा धडा सुरू व्हायचा होता, तिच्या सगळ्यांत आवडीचा. पाच दिवसांचे तास लिहून झाले, साहित्य लिहून झालं, रेघ मारली आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला वर्गच नाही.

पान फाडता येत नव्हतं. पानांवर शाळेचा शिक्का आणि अनुक्रमांक. ती वही तशीच शाळेत घेऊन गेली. शिपाईमामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी चाळीस वह्यांत तिचीही उचलली. सोमवारी सही होऊन परत आली. तिने उघडून पाहिलंही नाही. पुढच्या गुरुवारी मात्र ती चुकून बसली नाही. जाणूनबुजून बसली. त्या दिवसांत तेवढा एक तास असा होता, की तिला वाटायचं, आपण अजून शिक्षिका आहोत. तिसऱ्या आठवड्याची वही परत आली त्याच दिवशी उशिराची नोटीस आली, आणि तिने वही कपाटावर फेकून दिली होती.

पहिल्या आठवड्याखाली सही. दुसऱ्या आठवड्याखाली सही. म्हणजे बाई वाचतच नव्हत्या, नुसतं सहीचं कोंबडं काढत होत्या. तिच्या ओठांवर कडवट हसू आलं.

तिसऱ्या आठवड्याचं पान उघडलं आणि हसू तिथेच राहिलं.

बुधवारच्या तासासमोर तिने लिहिलं होतं: 'पाण्यातली पेन्सिल. साहित्य: काचेचा ग्लास, पाणी, पेन्सिल. ग्लास टेबलावर ठेवून दाखवणे.' त्यातल्या 'टेबलावर ठेवून' या शब्दांवर हिरवी रेघ होती, आणि समासात बारीक, सुबक अक्षरांत शेरा: 'मागच्या बाकांना दिसत नाही. ग्लास घेऊन फिरावे.' खाली सही. खाली तारीख.

तिने तो शेरा पुन्हा वाचला. मग उठून फायलीतून शाळेच्या लेखी उत्तराची प्रत काढली. 'सदर शिक्षिका टाचण ठेवत नाहीत.' खाली तीच सही. तारीख त्याच्या बरोबर चार दिवसांनंतरची.

म्हणजे बाईंनी वाचलं होतं. जो वर्ग त्यांनीच काढून घेतला होता, जो तास कधी होणार नव्हता, त्यातल्या शेवटच्या बाकाची काळजी त्यांनी केली होती. आणि चार दिवसांनी त्याच हाताने हे लिहून दिलं होतं. तिला इतका राग आला, की कानशिलं तापली. आणि त्याच वेळी तिचं बोट त्या हिरव्या अक्षरांवरून असं मायेने फिरलं, की तिला त्याची लाज वाटली.

"सापडली का तुझी पोथी?" सासूबाई दारात उभ्या होत्या. गुडघा धरून त्या हळूहळू खुर्चीत टेकल्या. तिने न बोलता दोन्ही कागद त्यांच्यापुढे धरले. सासूबाईंनी चष्मा नसल्यामुळे कागद हातभर लांब धरून वाचले, ओठ हलवत, एकेक शब्द.

"अगंबाई! ही तर मांजर झाली की. डोळे मिटून दूध पिते आणि समजते, कुणी बघत नाही."

"आई, हळू. बाळ उठेल."

"उठू दे. त्यालाही कळू दे, आपल्यावरून केवढं रामायण झालं ते." पण त्यांनी आवाज खाली आणला. "आता अडलंय कुठे? हे पान दाखव, विषय संपला."

"हे पान दाखवलं तर ते तिन्ही आठवडे दाखवावे लागतील. ते म्हणतील, वहीच खोटी."

"तू 'झाला' लिहिलंयस का कुठे?"

"नाही. रकाना रिकामाच आहे."

"मग खोटं कसलं? केलं नाही ते केलं म्हणून लिहिलं, तर खोटं. करायचं होतं म्हणून लिहिलं त्याला काय म्हणतात, ते तुम्ही शिकलेल्यांनी बघा."

ती पानाच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. मग खरं ते बोलली. "सहा महिन्यांत निवृत्त होताहेत त्या, आई. चौतीस वर्षं झाली त्यांना. या एका पानाने त्यांचा निरोप समारंभ नासेल."

"आणि नाही दाखवलंस तर तुझा निरोप समारंभ उद्या अकरा वाजता." सासूबाई उठल्या. "मी तुला दाखव म्हणत नाही, लपव म्हणत नाही. पण उद्या तिथे बसून खालमानेने हो-हो करून आलीस, तर घरी आल्यावर माझ्याशी बोलू नकोस."

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. तिने त्याला उचललं, खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने वकीलबाईंना निरोप लिहिला: 'पूर्ण वही देणार आहे. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत.'

सकाळी भिंगरी खोकत उठली. शाळेत पाठवण्याजोगी नव्हती. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. दोघांना एकदम सांभाळायचं म्हटल्यावर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, "बाळ माझं, भिंगरी तुझी. तिच्यामागे पळायला माझे गुडघे आता राजीनामा देतील." म्हणून भिंगरी सोबत निघाली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्याने तिची स्वारी खुशीत होती.

"मोठ्या बाई पण येणार आहेत तिथे?"

"हो."

"मग मी त्यांना नवीन कविता म्हणून दाखवू?"

"आज नको, राणी. आज मोठ्यांचं काम आहे."

"त्या तुला फळा पुसायला द्यायच्या ना? आमच्या बाई मला देतच नाहीत. म्हणतात, तू अर्धाच पुसतेस."

सुनावणी एका जुन्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेर लांब बाक, आणि बाकावर शिपाईमामा, इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला आल्यासारखे अवघडून बसलेले. शाळेने त्यांना साक्षीला आणलं होतं.

"ताई," ते उभं राहून हळूच म्हणाले, "मला सांगितलंय, काही आठवत नाही म्हणायचं. पण चाळीस वह्या दर शुक्रवारी जिन्याने वर नेऊन माझी कंबर गेली. मी विसरेन, कंबर कशी विसरेल?"

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी शाळेतलं कुणी तिच्याशी धड दोन वाक्यं बोललं होतं. "मामा, हिच्याकडे जरा लक्ष ठेवाल?"

"ठेवतो की. ये गं भिंगरे, तुला बोटांनी हत्ती करून दाखवतो."

आत पंखा बंद होता, म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. टेबलामागे समितीचे तिघं. मधले अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, कानाला यंत्र लावलेले. ते सारखे म्हणत होते, "मोठ्याने. तारखा मोठ्याने सांगा." त्यामुळे तिच्या आयुष्यातले ते महिने तारीखवार पार जिन्यापर्यंत ऐकू जात होते. अमुक तारखेला रजा संपली. अमुक तारखेला दहावी काढली. अमुक तारखेला अर्ज. अमुक तारखेला सातवी. समोरच्या खुर्चीत मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या. तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांचे केस किती पांढरे झालेत, हे तिला आज एवढ्या जवळून दिसलं.

वही टेबलावर आली. शाळेचे वकील पानं उलटत शेवटच्या तीन आठवड्यांवर आले आणि त्यांचा चेहरा उजळला. "महाशय, हे पाहा. या तारखांना यांच्याकडे वर्गच नव्हता. मग हे टाचण कुणासाठी?"

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. मोठ्याने."

"पहिला आठवडा चुकून लिहिला," ती उभी राहून म्हणाली. "पुढचे दोन चुकून नाहीत. माझा वर्ग होता तो, माझ्याकडून सुटत नव्हता. पण शेवटचा रकाना बघा. तास झाला असं मी कुठेही लिहिलेलं नाही."

दोन्ही सदस्यांनी मान वाकवून रकाना पाहिला. रिकामा होता.

"आणि समासातला हा हिरवा शेरा?" अध्यक्षांनी विचारलं.

शाळेचे वकील घाईघाईने पुढे झाले. तो शेरा त्यांनी बहुधा आत्ताच पाहिला होता. "महाशय, मुख्याध्यापिकांकडे दर आठवड्याला चाळीस वह्या येतात. त्या काही प्रत्येक ओळ वाचत नाहीत. यांत्रिकपणे सही होते, कधी सवयीने एखादा शब्द लिहिला जातो. वह्या न वाचताच सही केली, एवढंच यातून निघतं. बाई तसं सांगतीलच."

आता सगळे मोठ्या बाईंकडे बघत होते. वाट मोकळी होती. एक 'हो' म्हणायचं होतं, की शाळा सुटली, त्याही सुटल्या, आणि ती वही रद्दीत गेली. बाई हो म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. कुणीही म्हणालं असतं.

बाईंनी वही स्वतःकडे ओढली. चष्मा लावला. बुधवारच्या तासावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला, शाळेत वाचायच्या तसा, मन लावून. खोलीत नुसता बाहेरून भिंगरीच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"मी न वाचता सही करत नाही," बाई म्हणाल्या.

"बाई..." वकील पुटपुटले.

"चौतीस वर्षांत एकदाही नाही. तुम्ही माझ्याबद्दल काहीही म्हणा, पण हे म्हणू नका."

अध्यक्षांनी कानाचं यंत्र नीट बसवलं. "म्हणजे शेरा तुमचा?"

"माझा."

"वर्ग त्यांच्याकडे नाही हे माहीत असताना दिलेला?"

"हो."

"टाचण चांगलं होतं?"

"एवढी एक चूक सोडली, तर उत्तम होतं."

"मग चार दिवसांनी, या टाचण ठेवत नाहीत, असं तुम्ही लिहून कसं दिलंत?"

बाईंनी वही मिटली. कव्हरवरच्या त्या दुधाच्या डागावर त्यांचा अंगठा जरा वेळ तसाच राहिला. "संस्थेने मसुदा पाठवला होता," त्या म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवली. "तोही वाचूनच सही केली."

पुढचं सगळं लवकर आटपलं. शिपाईमामांना आत बोलावलं, ते कंबर विसरले नाहीत. अध्यक्षांनी सांगितलं, सविस्तर निकाल लेखी मिळेल. पण सातवी उद्यापासून तक्रारदार बाईंकडे परत द्या, त्यांचं टेबल होतं तिथे ठेवा, आणि त्यांच्या नोंदीत निकालापर्यंत एक अक्षरही लिहायचं नाही. वकीलबाईंनी टेबलाखाली तिचा हात घट्ट दाबला. "मॅडम, ती तीन आठवड्यांची पानं!" एवढंच त्या म्हणाल्या. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो घरी गेल्यावर सासूबाईंना सांगताना होईल तसा, थोडा लांबचा.

ती बाहेर आली. भिंगरी बाकावर उभी राहून बोटांचा हत्ती करत होती. तेवढ्यात मोठ्या बाई दारातून बाहेर आल्या. पर्स काखेत, पाठ तशीच ताठ. दोघींमध्ये दोन पावलांचं अंतर होतं. तिला म्हणायचं होतं, बाई. फक्त एवढंच. शब्द ओठांपर्यंत आला आणि पुढे त्याला काय जोडायचं ते तिला कळेना. आभार मानायचे, की जाब विचारायचा?

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या भिंगरीपाशी थांबल्या. "खोकला झालाय का गं?"

"हो, बाई."

"मग अशी खिडकीच्या वाऱ्यात उभी राहू नकोस." आणि त्यांनी भिंगरीला दोन्ही खांद्यांना धरून हलकेच बाजूला सरकवलं, बाकाच्या कोपऱ्यात, जिथे वारा लागत नव्हता. मग त्या जिना उतरून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ खालून येत राहिला.

ती बाकावर बसली. भिंगरी तिच्या मांडीवर चढली आणि चष्म्यावर बोटांचे ठसे उमटवत तिने आईचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"आई, तू बाईंची लाडकी होतीस ना?"

"होते."

"मग नावडती कधी झालीस? कुठल्या तारखेला?"